परतीची एसटी

(स्मृतिव्याख्यान. विषय : ‘सेवाभावी मंडळं आणि तरुण नेतृत्व’)

मागे दाराजवळ उभ्या असलेल्या तरुण मित्रांनो,

पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, या, बसा. दाराजवळ उभं राहिलं की कंटाळा आल्यावर निसटता येतं, ही युक्ती मीही तुमच्या वयात वापरली आहे. पण आजचा विषय तुमचाच आहे, तेव्हा तुम्ही निसटलात तर मी बोलू कुणाशी?

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या सरांबद्दल मी थोडंच बोलेन, कारण जास्त त्यांनी बोलू दिलं नसतं. कार्यक्रम कुठलाही असो, व्यासपीठ रिकामं झाल्यावर सर मांडवात दिसायचे. उसन्या आणलेल्या सतरंज्या झटकून घड्या घालायच्या, कुणाचं पातेलं, कुणाचा पितळी तांब्या, ज्याचं त्याच्या घरी पोचतं करायचं. आम्ही म्हणायचो, ‘सर, कार्यक्रम संपला, चला.’ सर म्हणायचे, ‘शेवटची सतरंजी घरी गेली की संपला.’ तेव्हा आम्हाला ते म्हातारपणाचं खूळ वाटायचं. मी आज जे सांगणार आहे ते सगळं त्या सतरंजीत आलं, हे कळायला मला माझी एक चूक व्हावी लागली. ती आधी सांगतो.

चाळीसएक वर्षं झाली. मी नुकताच प्राध्यापक झालो होतो आणि एका सेवाभावी क्लबचा फार उत्साही सभासद होतो. क्लबचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात आम्ही नेत्रतपासणी शिबिर घेतलं. शाळेच्या व्हरांड्यात टेबलं, वर कापडी फलक, डॉक्टर मंडळी, दुपारी पिठलं-भाकरी. माणसं रांगेत बसून होती. ज्यांना मोतीबिंदू निघाला त्यांना आम्ही एकेक चिठ्ठी दिली : येत्या गुरुवारी मिरजेला या, शस्त्रक्रिया मोफत. चिठ्ठ्या मी लिहिल्या. माझं अक्षर वळणदार, म्हणून ते काम माझ्याकडे.

चिठ्ठी घेऊन गेलेल्यांत एक आजी होत्या. गुरुवारी पहाटेची गाडी धरून त्या मिरजेच्या स्टँडवर उतरल्या. पुढं कुठं जायचं ते चिठ्ठीत लिहिलं होतं, पण वाचणार कोण? डोळ्यांत मोतीबिंदू, आणि मुळात अक्षराशी कधी गाठ पडलेली नाही. दोघा-तिघांना विचारलं, त्यांनी तीन दिशा दाखवल्या. मुलगा-सून ऊसतोडीला फडावर गेलेली, घरी शेळ्या शेजारणीच्या भरवशावर. आजी दुपारपर्यंत बाकावर बसल्या आणि मिळेल त्या गाडीनं परत गेल्या. हे मला कळलं पुढच्या वर्षी. तोवर आमचा वार्षिक अहवाल छापून झाला होता, आणि त्यातल्या लाभार्थींच्या आकड्यात आजी होत्या.

दुसऱ्या वर्षी शिबिराची आखणी करायला आम्ही बसलो, तेव्हा कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेतली चार-पाच मुलं बोलावली होती. खुर्च्या मांडायला, दुसरं कशाला? त्यांत त्याच भागातली एक मुलगी होती. रोज एसटीच्या पासवर जाऊन-येऊन शिकणारी. मिरजेला यायचा दिवस आम्ही पुन्हा गुरुवार ठरवला, तशी ती हळूच म्हणाली, ‘सर, गुरुवार नको. गुरुवारी आमच्याकडचा बाजार असतो, गाडीत पाय ठेवायला जागा नसते. आणि परतीची शेवटची गाडी सव्वापाचला आहे. ती चुकली तर ही माणसं रात्री कुठं राहणार?’

खोलीत डॉक्टर होते, वकील होते, कारखान्यातले अधिकारी होते, मी होतो. परतीच्या गाडीचा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता, कारण आमच्यापैकी कुणी एसटीनं येत नव्हतं. त्या दिवशी शिबिराची सूत्रं आम्ही त्या मुलीकडे दिली. ‘दिली’ म्हणतो खरा, पण ती तिनं घेतली होती. आम्ही फक्त मध्ये आलो नाही.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. सेवेचा कस तिच्या शेवटच्या कडीवर लागतो, आणि तरुण माणूस पुढारी होतो तो त्या शेवटच्या कडीचं ओझं अंगावर घेऊन. बाकी मी जे बोलेन ते या एका गोष्टीचं स्पष्टीकरण समजा.

सेवाभावी क्लब म्हटलं की आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक, ज्यांच्या कोटाला बिल्ला असतो. दुसरी, जी त्या बिल्ल्याकडे बघून ‘जेवणावळीचा क्लब’ म्हणून हसतात. मी दोन्हीकडे राहून आलो आहे, म्हणून जरा निवाड्यानं बोलतो.

शिकागोत २३ फेब्रुवारी १९०५ रोजी पॉल हॅरिस नावाचा वकील आणि त्याचे तीन मित्र एका कचेरीत बसले. बैठक आज याच्याकडे, पुढची त्याच्याकडे, अशी पाळीपाळीनं फिरायची, म्हणून नाव पडलं रोटरी. १९१५ मध्ये सेंट लुइस शहरात तरुणांची जी चळवळ सुरू झाली तिला आपण आज जेसीज म्हणतो. १९१७ मध्ये मेल्विन जोन्सनं लायन्सची उभारणी केली. १९२५ मध्ये ओहायोतल्या अधिवेशनात हेलन केलर यांनी लायन्सना अंधांची कड घ्यायला सांगितलं, आणि तेव्हापासून डोळ्यांचं काम म्हणजे लायन्स हे समीकरण झालं. मिरजेचं लायन्स नॅब नेत्र रुग्णालय आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ते त्याच वाटेवरचं. भारतात रोटरी १९२० मध्ये कोलकात्याला आली, लायन्स १९५६ मध्ये. पुढे तरुणांसाठी वेगळ्या शाखा निघाल्या : लायन्सचा लिओ १९५७ मध्ये, रोटरीचा शाळकरी मुलांचा इंटरॅक्ट १९६२ मध्ये, कॉलेजवयीन मुलांचा रोटरॅक्ट १९६८ मध्ये.

गंमत बघा. आपला सातारा जिल्हा १ ऑगस्ट १९४९ रोजी दुभागला. दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं. रोटरीच्या नकाशावरही ही भावंडं वेगळी राहतात : सातारा ३१३२ क्रमांकाच्या प्रांतात सोलापूर-लातूरबरोबर, सांगली ३१७० मध्ये कोल्हापूर-गोव्याबरोबर. पण कृष्णा काही हे क्रमांक वाचून वाहत नाही. महाबळेश्वरला पडलेलं पाणी सांगलीच्या घाटावर येतंच.

या क्लबांची चेष्टा करणाऱ्यांना मी सांगतो, त्यांच्या दोन रीती आपल्या प्रत्येक गावच्या मंडळानं उचलाव्यात. पहिली, रोटरीत अध्यक्ष एक वर्षाचा. चांगला असो, थोर असो, १ जुलैला खुर्ची दुसऱ्याची. दुसरी, जेसीजमध्ये वयाची चाळिशी आली की सभासदत्वाला रामराम. आता आपली तरुण मंडळं आठवा. अध्यक्षांच्या मुलाचं लग्न होऊन नातवंडं शाळेत जायला लागली, तरी चौकातल्या फलकावर तेच ‘युवा नेते’. ज्या मंडळात खुर्ची हलत नाही, तिथं मागच्या पोरांनी शिकायचं काय? घोषणा द्यायला आणि ढोल वाजवायला.

पण ही पाळीची रीत आपण साता समुद्रांपलीकडून आणली असं कुणी समजू नये. आपल्याकडे ती आधीपासून होती, आणि जरा कडक स्वरूपात होती.

भाऊराव पाटलांनी १९१० च्या सुमारास दुधगावला मुलांच्या वसतिगृहाच्या प्रयोगात हात घातला. दुधगाव आज सांगली जिल्ह्यात. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली, आणि तिथं सगळ्या जातिधर्मांच्या मुलांचं बोर्डिंग उभं राहिलं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. इतिहासाच्या पुस्तकात हे एवढ्यावर संपतं. मला त्या बोर्डिंगातल्या रोजच्या दिवसाचं अप्रूप आहे. स्वयंपाक मुलांचा, पाणी मुलांनी भरायचं, शेतात काम मुलांनी करायचं, आणि पंगत एकच. अस्पृश्यता बोकाळलेल्या त्या काळात चौदा वर्षांच्या पोराच्या हातात वाढायचा पळा येतो आणि समोरच्या ताटांत जात बघायची नाही असं त्याला सांगितलं जातं, तेव्हा त्याला समतेवर भाषण द्यावं लागत नाही. आमटी शेवटच्या ताटापर्यंत पुरवायची ही त्याची त्या दिवसाची परीक्षा असते. पुरली नाही तर शेवटच्या ताटावरचा मुलगा त्याच्याकडेच बघणार.

आणि हे सगळं चालवताना भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, मंगळसूत्रही गेलं. भाऊरावांचं नाव संस्थेबरोबर घेतलं जातं; कोठीतलं धान्य संपल्यावर रात्री कुणाच्या पोटात गोळा यायचा, हे मात्र लक्ष्मीबाईंना विचारायला हवं होतं. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते ‘कमवा आणि शिका’ घेऊनच. वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे एन. डी. पाटील पुढे त्याच कॉलेजात शिकवायला आले आणि कमवा-शिकाच्या मुलांचे रेक्टर झाले. महाराष्ट्राला ते मोर्च्याच्या अग्रभागी दिसले. पण त्या आधी त्यांनी मुलांच्या पाळ्या लावल्या होत्या, हे विसरू नका.

रोटरीतली पाळी खुर्चीची, बोर्डिंगातली पाळी पळ्याची. पुढारी घडवायला दोन्ही लागतात. पण आधी पळा, मग खुर्ची.

दुसरं उदाहरण प्रतिसरकारचं. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली आपल्या या भागानं इंग्रजी राज्याला बाजूला सारून स्वतःचा कारभार चालवला. कुंडलच्या जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ लाड यांनी तुफान सेना उभी केली. पे-स्पेशल गाडीवरचा शेणोलीचा छापा सगळ्यांना आठवतो, कारण त्यात थरार आहे. पण बंदूक ही त्या कारभाराची एक बाजू. दुसऱ्या बाजूला न्यायदान मंडळं होती, बांधाची भांडणं मिटवणं होतं, दारूबंदी होती, कमी खर्चाची लग्नं होती, दरोडेखोरांचा बंदोबस्त होता. विशीतल्या पोरांनी बांधावरच्या भांडणाचा निवाडा द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावात त्याच दोन भावांच्या समोरून चालत जायचं! निवाडा चुकला तर तोंड लपवायला जागा नाही. आजच्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात असा धडा कुठं मिळतो का, सांगा.

आता जरा दूर जाऊन येऊ. पोलिओचं काम रोटरीनं १९८५ मध्ये जगभर अंगावर घेतलं. आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झाला. रविवारी बूथ, बर्फाच्या डब्यात लस, दोन थेंब, आणि बाळाच्या डाव्या करंगळीला शाईची खूण. स्वयंसेवकांच्या फौजा त्या दिवशी बाहेर पडायच्या आणि फोटोही त्याच दिवसाचे निघायचे. पण पोलिओ बूथवर हटला नाही. बूथनंतरच्या दिवसांत माणसं घरोघर फिरायची आणि दारावर खडूनं खूण करायची. सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल त्या दारावर इंग्रजी पी, आणि घर बंद असेल किंवा एखादं मूल राहिलं असेल तर फुली. फुलीच्या दाराशी पुन्हा जायचं. पुन्हा बंद असेल तर पुन्हा. ऊसतोड्यांच्या कोप्या, वीटभट्ट्या, पालं, सगळीकडे. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालातल्या हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. अंगणवाडी सेविका, आशा, नर्सबाई आणि स्वयंसेवक यांनी फुलीची दारं पुन्हा पुन्हा ठोठावली नसती, तर ते मिळालं नसतं.

माझ्या शिबिरातल्या आजी म्हणजे फुलीचं दार होतं. मी तिथं पी लिहून मोकळा झालो होतो.

आता आपल्या माण-कोरेगावकडे चला. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, आणि माणमध्ये पाचशेच्या आतबाहेर. २०१६ मध्ये पानी फाउंडेशननं गावोगावी पाणी अडवण्याची पहिली वॉटर कप स्पर्धा घेतली ती तीन तालुक्यांत, त्यांतला एक कोरेगाव. पहिलं आलं वेळू गाव. २०१८ मध्ये पहिली आली माण तालुक्यातली टाकेवाडी, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत भांडवली, तीही माणचीच. बक्षिसांचे आकडे लाखांत होते, पण मला तिथली एक सकाळ सांगायची आहे.

माणमधल्या एका गावात मी एप्रिलच्या अखेरीस गेलो होतो. ऊन चढायच्या आत काम उरकायचं म्हणून माणसं अंधारातच माळावर चढलेली. कुदळ, टिकाव, फावडी, पाट्या. सासवा-सुना, पेन्शनर मास्तर, मुंबईहून रजा टाकून आलेले माथाडी. पण कुदळ कुठं मारायची ते सांगत होती एक अठरा-एकोणीस वर्षांची पोर. तिच्या हातात दोन काठ्यांना बांधलेली पारदर्शक नळी, नळीत पाणी. एक काठी इथं रोवायची, दुसरी पुढं सरकवत न्यायची, दोन्हीकडचं पाणी एका खुणेवर आलं की तिथं फक्कीची रेघ. ती समपातळी. त्या रेघेवर चर खोदला तर पाणी थांबतं. हातभर वर-खाली झाला तर तेच पाणी चर फोडून माती घेऊन खाली येतं. एक सत्तरीचे बाबा हट्टाला पेटले, ‘इथनंच खांदा, माझं उभं आयुष्य गेलंय या माळावर.’ पोरगी वाद घालत बसली नाही. नळी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, ‘आजोबा, तुम्हीच बघा.’ बाबांनी बघितलं. पाणी बोटभर खाली. बाबा चार पावलं सरकले आणि खोदायला लागले.

ती पोरगी प्रशिक्षणाला जाऊन आली होती. तिथं तिला मोजायला शिकवलं होतं. तिच्या शब्दाला वजन आलं ते मापामुळे, आणि ते माप तिनं स्वतःजवळ न ठेवता समोरच्याच्या हातात दिलं. नेतृत्वाची याहून चांगली व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

माप आणि प्रशिक्षण नसेल तर नुसती तळमळ काय करते, तेही बोललं पाहिजे. ऑगस्ट २०१९ चा पूर इथल्या प्रत्येकाच्या अंगावर काटा आणतो. सांगलीच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. शिराळा, वाळवा, पलूस, मिरज, चारही तालुके पाण्यात. पोरांनी ट्रॅक्टरच्या ट्यूबा फुगवून माणसं काढली, तालमीतल्या पैलवानांनी म्हाताऱ्यांना खांद्यावर घेतलं. आणि ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला नाव उलटली. नावेत पेलण्यापलीकडे माणसं होती. सतरा जीव गेले. मी कुणाला दोष देत नाही. पाणी उंबऱ्याशी आल्यावर ‘पुढच्या खेपेला या’ म्हणायला काळजाचा दगड करावा लागतो. पण म्हणूनच नदीकाठच्या प्रत्येक गावात अशी चार तरुण माणसं हवीत, ज्यांना नावेत किती माणसं हे आधीपासून माहीत आहे, ज्यांच्याकडे लाइफ जॅकेटं आहेत, आणि ज्यांचा ‘थांबा’ हा शब्द गाव ऐकतं. तो अधिकार पुराच्या दिवशी मिळत नाही. तो आधीच्या उन्हाळ्यात कमवावा लागतो.

त्याची दुसरी बाजू आंबेनळी घाटात दिसली. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस त्या घाटात दरीत गेली आणि तीस माणसं दगावली. धुकं, पाऊस, निसरडा कडा. अशा दरीत महाबळेश्वर ट्रेकर्सची आणि पोलादपूर भागातली मुलं दोर लावून उतरली. आदल्या कित्येक वर्षांच्या रविवारी त्यांनी गाठी मारायचा सराव केला नसता, तर त्या दिवशी त्यांना कड्यावर उभं राहून नुसतं हळहळावं लागलं असतं.

पूर ओसरल्यावर सांगलीत आणखी एक पूर आला, मदतीचा. ट्रकच्या ट्रक. धान्य, पाणी, औषधं, आणि जुन्या कपड्यांचे ढीग. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. पण ज्या बाईचं घर चिखलानं भरलंय तिला त्या दिवशी झगमगीत साडी नको असते. फावडं, फिनेल आणि कोरडा परकर हवा असतो. तिला आधी विचारायचं असतं. माझी चिठ्ठी आणि ते कपडे एकाच जातीचे. दोन्हींत देणाऱ्याचं समाधान पुरतं होतं, घेणाऱ्याचं काम होत नाही.

विचारायचं कुणाला? ज्याची अडचण, त्याला. आणि तिथंच न थांबता त्याच्या हातात काम द्यायचं. सांगलीत १९९२ मध्ये संग्राम ही संस्था एड्सच्या प्रश्नावर उभी राहिली. देहविक्री करणाऱ्या बायकांना तिनं उपदेश केला नाही. त्यांनाच एकमेकींना माहिती द्यायला, निरोध वाटायला पुढं केलं. १९९६ मध्ये त्या बायकांची स्वतःची संघटना, व्हॅम्प, झाली. तिकडे माणमधल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायची म्हटली, तर सभासद बायका अंगठेबहाद्दर म्हणून परवानगी नाकारली गेली. बायका खचल्या नाहीत. त्या अक्षरं शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो, तुमचे साहेबही करून दाखवू देत. १९९७ मध्ये माणदेशी बँक सुरू झाली. काल जी लाभार्थी होती ती आज कार्यकर्ती झाली, तर ते काम टिकतं. जिथं वीस वर्षांनंतरही तेच देणारे आणि तेच घेणारे, तिथं सेवा चालली आहे असं म्हणू नये. सवय चालली आहे.

बायकांचा विषय निघाला म्हणून सांगतो. रोटरी, लायन्स हे क्लब १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत फक्त पुरुषांचे होते. आणि आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगात काय केलं? मुंढव्याचा प्लेग झालेला पोरगा पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, आणि त्याच रोगानं १० मार्चला वारल्या. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली नाही. दवाखान्याच्या दारापर्यंतची कडी त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतली. आपल्याला कुणाचा वारसा सांगायचा, हे ठरवताना एवढं लक्षात ठेवा.

आता शेवटाकडे येतो. तरुणांनो, तुम्हाला ‘नेते’ म्हणून फलकावर चढवायला पुष्कळजण उत्सुक आहेत, कारण त्याला फ्लेक्सचा खर्च तेवढा लागतो. तुमच्या हातात वहीखातं द्यायला मात्र फारसं कुणी तयार नाही. ती वही मागून घ्या. मंडळाची जमा-खर्चाची पानं गणपतीनंतर चौकात लावा, तुमच्याकडे बघायची गावाची नजर बदलेल. आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, क्लबांच्या, पतसंस्थांच्या, व्याख्यानमालांच्या पदाधिकाऱ्यांनो, मुलांना खुर्च्या मांडायला बोलवू नका, आखणीच्या बैठकीला बोलवा. त्यांना असं काम द्या जे फसू शकतं. फसलं तर पाठीशी उभे राहा, साधलं तर बाजूला व्हा. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यात दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. तास भरतात, प्रमाणपत्रं मिळतात. पण त्या तासांपैकी एकतरी तास एखाद्या माणसाला घरी पोचवण्यात गेला का, एवढं विचारा.

आणि आजींची गोष्ट अर्धी राहिली.

दुसऱ्या वर्षी मिरजेचा दिवस मंगळवार ठरला. शिबिराला आजी आल्या नाहीत. आमच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता, आणि तो उडायलाच हवा होता. ती मुलगी त्यांच्या घरी गेली. आजींनी एकच विचारलं, ‘परत आणून सोडशील का?’ ती म्हणाली, ‘सोडीन.’ मग तिनं वही केली. पानावर चार रकाने : नाव, सोबत कोण, घरच्या जनावरांकडे कोण बघणार, परतीची गाडी. शस्त्रक्रियेसाठी अठरा जण गेले. मुक्काम झाल्यावर सगळे एकाच दिवशी परत निघाले, डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या, कमरेला बांधलेली औषधाची पुडकी. सव्वापाचच्या गाडीत कंडक्टरला सांगून तिनं पुढच्या जागा धरून ठेवल्या होत्या. गाडी फाट्याफाट्यावर थांबत गेली, आणि प्रत्येक फाट्यावर ती खाली उतरून, ज्याच्या हातात हात द्यायचा त्याच्या हातात देऊन, वहीत खूण करून पुन्हा गाडीत चढत होती.

ती मुलगी पुढं आमदार झाली नाही, कुठल्या क्लबची अध्यक्षही झाली नाही. एका जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. त्या वहीचं पान मात्र मी मागून घेतलं, ते आजही माझ्याकडे आहे. अक्षर काही वळणदार नाही. खाली शेवटच्या ओळीत लिहिलं आहे : गेले अठरा, घरी पोचले अठरा.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या शिबिराचा फलक रंगवायला टाकण्याआधी स्टँडवर जाऊन परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून या. आणि आज निघताना आपापल्या खुर्च्या भिंतीला लावून जा, सतरंज्या मी बघतो.